मुलें नसलेलीं जहाजें

ज्या कुटुंबांतील मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक झाली आहे, अशा कुटुंबांत मार्च-एप्रिलच्या सुमारास हल्लीं एक सल्ला फिरूं लागतो. वडील मंडळी तिकडे जाऊन राहिलेली असतात. एखादा आठवडा सर्वांनीं मिळून समुद्रावर घालवावा असें घरांत घाटत असतें. आणि नेमकी त्याच वेळीं तिकडच्या शाळांना वसंताची सुटी, म्हणजे तेथील लोक जिला ‘स्प्रिंग ब्रेक’ म्हणतात ती, लागते. मग कोणी तरी जाणता गृहस्थ सांगतो कीं, शांतता हवी असेल तर जेथें मुलांना मज्जाव आहे असें जहाज पाहा, नाहीं तर सात दिवस कानांत बोळे घालून बसावें लागेल. हा सल्ला इतक्या सहजपणें दिला व घेतला जातो कीं, त्यांत वादाला कांहीं जागा आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. आमच्या मतें त्यांत वादाला पुष्कळ जागा आहे. सल्ला वस्तुस्थितीला सोडून आहे. आणि ज्या वृत्तींतून तो निघतो ती वृत्ति आमच्या घरांत येऊन बसण्यापूर्वीं तिला उंबऱ्यावरच अडवावी, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ह्या सुटीचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. आपल्याकडे मार्च म्हणजे परीक्षांचा महिना आणि सुटी म्हणजे मे महिन्याची. ती साऱ्या राज्याला बहुतेक एकदम लागते. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथें देशाला मिळून एक अशी वसंताची सुटी नसून गांवोगांवचीं शिक्षणमंडळें आपापला आठवडा ठरवितात. टेक्ससमधील पुष्कळ शाळा मार्चच्या मध्यास बंद असतात. न्यूयॉर्क शहराच्या शाळा ईस्टर व ज्यू लोकांचा वल्हांडण सण पाहून सुटी देतात. मॅसॅच्युसेट्समध्यें एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारीं ‘पेट्रियट्स डे’ असतो, त्याला जोडून आठवडा मोकळा सोडण्याची रीत आहे. ईस्टर तर चंद्रावर चालणारा सण. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा त्याचा ढोबळ नियम. म्हणून तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कोठेंहि पडतो. २०२४ सालीं तो ३१ मार्चला होता, २०२५ सालीं २० एप्रिलला. तेव्हां ‘सुटीचा हंगाम’ म्हणून जें म्हणतात तें सहा-सात आठवड्यांचें एक सैल गांठोडें आहे. त्यांतील कोणत्याहि एका आठवड्यांत सर्व अमेरिकेचीं मुलें समुद्रावर लोटत नाहींत. ही साधी गोष्ट जो सल्लागार सांगत नाहीं, त्यानें पंचांग उघडलेलेंच नसतें.

आतां ह्या नांवाला जी बदनामी चिकटली आहे तिचा इतिहास पाहावा. फ्लॉरिडांतील फोर्ट लॉडरडेल ह्या गांवीं १९३० नंतरच्या दशकांत महाविद्यालयांतील पोहणारे विद्यार्थी सरावासाठीं येऊं लागले. थंडीनें गारठलेल्या तरुणांना भर मार्चमध्यें ऊन सांपडलें, एवढीच त्याची सुरुवात. १९६० सालीं ‘व्हेअर द बॉईज आर’ हा चित्रपट निघाला आणि त्या किनाऱ्याचें नांव देशभर झालें. १९८५ सालीं त्या एका गांवांत सुमारें साडेतीन लक्ष विद्यार्थी लोटले. मग मात्र तेथील लोकांनीं कायदे कडक करून त्या पाहुण्यांना निरोप दिला. मायामी बीच शहरानें तर २०२४ सालीं जाहिराती काढून ह्या सुटीशीं आपलें नातें तोडल्याचें जाहीर केलें. ह्या सर्व प्रकारांत दारू होती, रस्त्यावरचा धिंगाणा होता, पोलीस होते. नव्हतीं तीं फक्त शाळेंतलीं मुलें. नऊ वर्षांची जी मुलगी आईचा हात धरून जहाजावर चढते तिचा ह्या इतिहासाशीं काय संबंध? पण दोन्ही सुट्यांना नांव एकच पडलें, आणि विशींतल्या तरुणांनीं मिळविलेली कीर्ति त्या मुलीच्या पदरांत आली.

मौज अशी कीं, त्या तरुणांना जहाजावर तितकासा वाव नसतो. अमेरिकेच्या बंदरांतून निघणाऱ्या मोठ्या कंपन्या एकवीस वर्षांखालील प्रवाशास मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय सामान्यतः घेतच नाहींत. कार्निव्हल कंपनीच्या नियमानें तर ती सोबत पंचवीस वर्षांवरील माणसाची लागते. म्हणजे वसंताच्या सुटींत जहाजावर येतात त्यांत मोठा वांटा कुटुंबांचा असतो. ज्यांना भ्यावें ते किनाऱ्यावर राहतात, आणि त्यांचें भय आपण लेकरांच्या नांवावर मांडतों.

मग जहाजावर गलका होत नाहीं काय? होतो, आणि भरपूर होतो. तो कोण करतें एवढाच प्रश्न आहे.

जानेवारी २०२४ मध्यें मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेलें ‘आयकॉन ऑफ द सीज’ हें जहाज उदाहरणादाखल घेऊं. वीस डेक, सात तरणतलाव, पाण्याच्या सहा प्रचंड घसरगुंड्या. त्याचें ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे. टन म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वजन येतें, परंतु हें वजन नव्हे. जहाजाच्या आंत बंदिस्त जागा किती आहे ह्याचें तें माप आहे. ह्या मापाला प्रवाशांच्या संख्येनें भागलें म्हणजे माणशीं जागा किती ह्याचा अंदाज येतो, आणि शांततेचा शोध करणाऱ्यानें सर्वांत आधीं हा भागाकार करावा. एका खोलींत दोघे ह्या हिशेबानें त्या जहाजावर ५,६१० प्रवासी मावतात. भागाकार ४४ येतो. तो कांहीं वाईट नाहीं. परंतु खोल्यांत तिसरा व चौथा बिछाना असतो, आणि सुटीच्या दिवसांत तेच बिछाने विकले जातात. सर्व भरले म्हणजे संख्या ७,६०० होते आणि भागाकार ३३ च्याहि खालीं उतरतो. आमचे प्रतिपक्षी म्हणतील, हे वाढलेले दोन हजार म्हणजे मुलेंच कीं नाहीं? बहुतेक मुलेंच. पण तो बिछाना कोणीं बसविला, कोणीं विकला, आणि त्याची किंमत वर्षांतील सर्वांत चढ्या दरानें कोणीं घेतली? गर्दीचा दोष गर्दींतल्या सर्वांत लहान माणसावर टाकणें सोपें असतें. तें उलट उत्तर देत नाहीं.

शिवाय गर्दी म्हणजेच गोंगाट असेंहि नाहीं. अशा जहाजावर तलावाकाठीं सकाळपासून ध्वनिक्षेपक चालू असतो. मोठ्या पडद्यावर चित्रपट किंवा सामने लागतात. स्पर्धांची घोषणा करणारा एक उत्साही मनुष्य दर अर्ध्या तासानें ओरडत असतो. सर्व मद्य एकदम विकत घेण्याची सोय असल्यामुळें तें वसूल करण्याची चढाओढ लागते. जहाजानें बंदर सोडलें कीं जुगारखाना उघडतो आणि त्यांतील यंत्रांची किणकिण पहांटेपर्यंत थांबत नाहीं. ह्या यादींत मुलांचें काय आहे? मुलांसाठीं बहुतेक जहाजांवर वयाप्रमाणें खोल्या व शिक्षिका असतात; तेथें तीं दिवसभर रमतात, आणि रात्रीं दहाच्या सुमारास तो विभाग मिटला कीं, उनांत व पाण्यांत खेळून दमलेलीं तीं पोरें आईबापांच्या खांद्यावर झोपीं जातात. त्यानंतर जो आवाज सुरू होतो तो सर्वस्वी प्रौढांचा असतो. मध्यरात्रीनंतर ज्यांच्या गाण्यानें आपली झोप मोडते ते गायक शाळेंत जात नाहींत.

ह्याला पुरावा हवा असेल तर ज्या जहाजांवर मुलांना बंदी आहे त्यांच्याकडेच जावें. व्हर्जिन व्हॉयेजेस ह्या कंपनीचें ‘स्कार्लेट लेडी’ २०२१ पासून प्रवासी नेत आहे. अठरा वर्षांखालील कोणालाहि तेथें प्रवेश नाहीं. तेथें मौनव्रत चालत असेल अशी कोणाची कल्पना असल्यास ती सोडून द्यावी. जहाजावर गोंदवून घेण्याचें दुकान आहे, आणि तांबडे कपडे घालून रात्रभर नाचण्याचा एक खास समारंभ असतो. नाचणाऱ्यांनीं खुशाल नाचावें. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, मुलें काढून टाकलीं तरी गोंगाट जागच्या जागीं राहिला. उलट वायकिंग कंपनीचीं समुद्रावरचीं जहाजें घ्या. तेथेंहि अठरांखालील मुलांना बंदी आहे, आणि तीं जहाजें खरोखर शांत असतात. पण कारण काय? ‘वायकिंग स्टार’वर प्रवासी अवघे ९३०, ४७,८४२ टनेजाला भागिलें तर माणशीं ५१ पडतात, जुगारखाना मुळींच नाहीं, तलावाकाठीं कर्कश संगीत नाहीं, आणि पुस्तकें जागोजाग ठेवलेलीं आहेत. शांतता ह्या चार गोष्टींनीं आणली, आणि श्रेय मात्र पांचवीला, म्हणजे मुलांच्या बंदीला मिळालें.

तिसरें उदाहरण तर वादच मिटवितें. क्युनार्ड कंपनीचें ‘क्वीन मेरी २’ हें जहाज साउदॅम्प्टन व न्यूयॉर्क ह्यांच्या दरम्यान सात रात्रींत अटलांटिक ओलांडतें. टनेज १,४९,२१५, प्रवासी २,६९१, भागाकार ५५. ह्या जहाजावर मुलांना बंदी नाहीं. इतकेंच नव्हे, तर तान्ह्या मुलांसाठीं शिशुगृह आणि दाया आहेत. मोठें ग्रंथालय आहे, सबंध जहाजाला वळसा घालणारा रुंद डेक आहे, आणि दुपारच्या चहाच्या वेळीं पेल्यांचा आवाज ऐकूं येईल इतकी स्तब्धता असते. त्याच जहाजावर प्रवाशांच्या कुत्र्यांसाठीं स्वतंत्र व्यवस्था आहे. कुत्र्यांमुळें शांततेचा भंग होतो म्हणून कुत्रेबंदीचें जहाज शोधा, असा सल्ला मात्र आम्हीं अद्याप ऐकलेला नाहीं.

पूर्वींच्या जहाजांवाल्यांना हें कळत होतें. १९३५ सालीं निघालेलें ‘नॉर्मंडी’ हें फ्रेंच जहाज आपल्या काळचें ऐश्वर्याचें शिखर. त्यावर मुलांचें स्वतंत्र भोजनगृह होतें, आणि त्याच्या भिंतींवर झां द ब्रुनॉफ ह्या चित्रकारानें आपल्या बाबर हत्तीचीं चित्रें काढलीं होतीं. (हा बाबर मोगल नव्हे, फ्रान्समधील बाळगोपाळांचा तो लाडका हत्ती-राजा.) मुलांना वेगळी जागा द्यावी हा विचार त्यांतहि होता, तो आम्ही नाकारीत नाहीं. पण ती जागा त्याच जहाजावर होती, आणि ती सजविण्यासाठीं चांगला चित्रकार बोलावला होता. मुलासाठीं खोली बांधणें आणि मुलाला धक्क्यावर ठेवून जाणें ह्यांतला भेद लहानसहान नव्हे.

हल्लींचा व्यापार मात्र निराळ्या युक्तीनें चालतो, आणि आमचा खरा रोख त्या युक्तीवर आहे. आधीं एक तरंगतें गांव बांधावयाचें. त्यांत आठ-दहा ठिकाणीं कर्णे लावावयाचे. बिछान्यावर बिछाना रचून तें भरावयाचें. आणि मग त्याच जहाजाचा एक कोपरा कांचेच्या दारानें बंद करून ‘येथें शांतता मिळेल’ म्हणून कैक पटींनीं महाग विकावयाचा. नॉर्वेजियन कंपनीच्या अशा कोपऱ्याचें नांव ‘हेवन’, एमएससीच्या कोपऱ्याचें ‘यॉट क्लब’. तेथें तलाव निराळा, भोजनगृह निराळें, बसण्याचा दिवाणखाना निराळा; चिठ्ठी दाखविल्याशिवाय दार उघडत नाहीं. प्रिन्सेसच्या पुष्कळ जहाजांवर मोठ्यांसाठीं राखलेल्या सावलीच्या जागेला वेगळें भाडें पडत आलें आहे. कार्निव्हलनें आपली ‘सेरेनिटी’ नांवाची तशी जागा निदान फुकट ठेविली आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. ज्यानें आवाज उत्पन्न केला त्यानेंच शांतता विकावयास मांडली, हा ह्या सर्वांचा इत्यर्थ. गांवची विहीर गढूळ करून वेशीवर पाण्याचे तांबे विकणाराला आपण काय म्हणूं? आणि ह्या सौद्यांत गिऱ्हाइकाचा राग आपल्यावर येऊं नये म्हणून व्यापाऱ्याला एक गुन्हेगार लागतो. तो आयता सांपडतो: लहान, ओला, आइस्क्रीम सांडणारा, आणि मत नसलेला.

येथें एक आक्षेप आम्ही मनापासून ऐकून घेतों. ज्यांना मुलें नाहींत, ज्यांचीं मुलें मोठीं झालीं, जे आजारांतून उठले आहेत, ज्यांच्या घरीं नुकतें दुःख झालें आहे, त्यांना शांततेचा अधिकार नाहीं काय? अवश्य आहे. चार दिवस बालकाचा आवाज कानीं पडूं नये असें एखाद्याला वाटलें तर त्याला कोणी दुष्ट म्हणूं नये. त्यानें तसें जहाज निवडावें आणि सुखानें जावें. इंग्लंडांतील ‘सागा’ कंपनी पन्नाशीच्या वरच्या प्रवाशांसाठींच जहाजें चालविते. पी अँड ओ कंपनीचीं ‘आर्केडिया’ व ‘ऑरोरा’ हीं जहाजें केवळ प्रौढांसाठीं आहेत. त्यांनीं ती सोय काढून घ्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा वाद सोयीशीं नाहीं, सिद्धांताशीं आहे: शांतता म्हणजे मुलांचा अभाव, हें समीकरण आम्हांस मान्य नाहीं.

दुसरा सल्ला देतात तो याहून सोपा दिसतो. शाळा चालू असतांना जा, म्हणजे मुलेंहि नाहींत व भाडेंहि कमी. पण हा सल्ला कोणाच्या उपयोगाचा? शांततेची गरज सर्वांत अधिक कोणाला असेल तर ती शिक्षकाला, आणि विशेषतः शिक्षिकेला. वर्षभर तीस-तीस कंठांचा आवाज त्यांनीं सोसलेला असतो. पण शाळा चालू असतांना जगांत जो एकच वर्ग हलूं शकत नाहीं तो हाच. मुलें ज्या आठवड्यांत सुटतात त्याच आठवड्यांत त्याहि सुटतात. दुसरी तशीच अडकलेली व्यक्ति म्हणजे आई. इंग्लंडांत तर ऑगस्ट २०२४ पासून विनापरवानगी शाळा बुडविल्यास दर मुलामागें प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होतो, एकवीस दिवसांत न भरल्यास १६०. एकीकडे कायदा सांगतो कीं सुटींतच जा, आणि दुसरीकडे कंपनी त्याच सुटीचे दर चढविते. अशा वेळीं ‘गैरहंगामांत जावें’ हा उपदेश म्हणजे ज्याला रोज पोटापाण्यासाठीं बाहेर पडावें लागतें त्याला पावसाळ्यांत घरीं बसण्याचा उपदेश होय.

पालकांचा कैवार घेतांना त्यांना दोन शब्द सुनावले नाहींत तर तें पक्षपाताचें होईल. जहाजावर पाऊल ठेवतांच आपलें पालकत्व कंपनीच्या हवालीं करणारे आईबाप आम्हांस ठाऊक आहेत. उद्वाहकाचीं सर्व बटणें दाबणारा, रात्रीं अकराला मार्गिकेंतून धांवणारा, गरम पाण्याच्या कुंडांत उड्या मारणारा मुलगा त्यांना ‘चैतन्यमय’ वाटतो. त्याला हांक मारून थांबविण्याइतकें चैतन्य त्यांच्यांत स्वतःच्यांत असतें तर बरें. जुन्या घरांत मुलांना दरडावून, प्रसंगीं मारून गप्प बसवीत. तें चांगलें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण दरडावणें आणि मोकाट सोडणें ह्यांच्या मध्यें हळू आवाजांत समजावणें म्हणून एक जागा आहे. ती शिकविण्यास ग्रंथालय, जेवणाचें टेबल व रात्रीचा डेक ह्यांच्याइतकीं चांगलीं स्थळें नाहींत. आणि मुलांना त्या स्थळांतून हांकलून दिल्यावर तीं तें शिकणार कोठें?

आतां ज्या कुटुंबांपासून आम्ही प्रारंभ केला त्यांच्याकडे येऊं, कारण खरें नुकसान तेथें होतें. पुण्याहून किंवा नागपुराहून आजी-आजोबा जातात ते सहा महिन्यांचा परवाना घेऊन. बाहेरून पाहणाराला वाटतें, सहा महिने नातवंडांत गेले. प्रत्यक्षांत नातवंडें सकाळीं आठाच्या आंत शाळेच्या गाडींत बसतात, संध्याकाळीं पोहणें, बुद्धिबळ, रविवारची मराठी शाळा. मुलगा व सून नोकरीवर. आणि आजी-आजोबा बर्फाकडे पाहत खिडकीशीं. घरांतील सर्व माणसें एकाच वेळीं मोकळीं असतात असा आठवडा त्या अर्ध्या वर्षांत बहुधा एकच येतो, आणि तो हाच वसंताच्या सुटीचा. त्या आठवड्यांत शांतता मिळावी म्हणून आजी-आजोबांनीं निराळ्या जहाजानें जावें, असा सल्ला देणारा मनुष्य शहाणा असेल. त्यानें त्या घरांत कधीं पाणी प्यालेलें नसावें. असेंहि आम्हीं पाहिलें आहे कीं, सर्वजण एकाच जहाजावर गेले, परंतु वडिलांना ‘त्रास नको’ म्हणून त्यांची खोली मोठ्यांच्या बंद भागांत घेतली. हेतु प्रेमाचाच होता. परिणाम असा झाला कीं, नातवंडाला आजोबांकडे जावयाचें तर कांचेच्या दाराशीं उभें राहून आंतल्या नोकराची परवानगी मागावी लागली. आजोबांना शांतता मिळाली. ती त्यांना न्यू जर्सींतील खिडकीशींहि मिळतच होती, आणि तीहि फुकट.

वृद्धांना मुलांच्या आवाजाचा त्रास होत नाहीं असें भाबडें विधान आम्ही करणार नाहीं. होतो. पण त्यांना त्याहून अधिक त्रास दुसऱ्या एका आवाजाचा होतो, तो म्हणजे ज्या आवाजांत आपलें बोलणें समोरच्याला ऐकूं जात नाहीं त्याचा. जें गाणें थांबवितां येत नाहीं, जो ध्वनिक्षेपक कोणाचें ऐकत नाहीं, त्याच्यापुढें म्हातारा मनुष्य हळूहळू बोलणेंच सोडून देतो. नातू ओरडला तर त्याला ‘हळू रे’ म्हणतां येतें, आणि पुष्कळदां तो ऐकतोहि. ह्यासाठींच आम्ही म्हणतों कीं निवड करावयाची ती जहाजाची करावी, सहप्रवाशांच्या वयाची नव्हे.

ती निवड फारशी अवघडहि नाहीं. मायामी व पोर्ट कॅनाव्हेरल येथून बहामा बेटांकडे तीन-चार रात्रींच्या ज्या फेऱ्या निघतात त्या मार्चमध्यें टाळाव्या. थोड्या रात्रींत मौज उरकण्याची घाई असलेले लोक त्यांवर चढतात, आणि त्यांत मुलें असोत वा नसोत, निजानीज होत नाहीं. ज्या बंदरांतून निघावयाचें त्याच्या आसपासच्या शाळांची सुटी कोणत्या आठवड्यांत आहे तें पाहावें. आपल्या नातवंडांची सुटी आणि त्या बंदराची सुटी एक नसेल तर अर्धें काम झालें. मॅसॅच्युसेट्सची एप्रिलची सुटी मायामीच्या मार्चच्या गर्दीशीं जुळत नाहीं, ही बोस्टनकडच्या मंडळींची चैन आहे. जहाज जुनें व मध्यम आकाराचें असलें तर घसरगुंड्या कमी असतील, पण सबंध वळसा घालणारा खालचा डेक असण्याचा संभव अधिक. तिकीट काढण्यापूर्वीं नकाशा मागून घ्यावा. खोली तलावाच्या डेकखालीं घेऊं नये. पहांटे पांचाला तेथें खुर्च्या ओढण्यास सुरुवात होते. नाटकगृहाच्या डोक्यावर घेऊं नये. वर खोल्या, खालीं खोल्या आणि जहाजाच्या मध्यावर, अशी जागा उत्तम. शेजारच्या खोलींत उघडणारें दार असलेली खोली दोन बिऱ्हाडें एकाच कुटुंबाचीं असतील तरच घ्यावी, कारण त्या दारांतून खोकलासुद्धां ऐकूं येतो. जेवणाच्या दोन पंगती असतात. लेंकुरवाळीं कुटुंबें पहिल्या पंगतीला बसतात. आणि सर्वांत मोठी युक्ति ही कीं, ज्या दिवशीं जहाज बंदरांत लागतें त्या दिवशीं उतरूं नये. तीन-चतुर्थांश लोक किनाऱ्यावर टोप्या विकत घेत हिंडत असतात, आणि तेवढा वेळ तें प्रचंड जहाज आजोबांचें, नातवाचें आणि त्यांच्या बुद्धिबळाच्या पटाचें असतें.

राहतां राहिले ते ज्यांना नातवंडांची सोबत नाहीं, आणि ज्यांना खरोखरच कोणाचाहि आवाज नको आहे. त्यांच्यासाठींहि बंदीचा नियम लागत नाहीं. हिंवाळाभर कॅरिबियन समुद्रांत फिरणारीं पुष्कळ जहाजें एप्रिलमध्यें उन्हाळ्यासाठीं भूमध्य समुद्राकडे हलवितात. तीं रिकामीं नेण्यापेक्षां प्रवासी घेऊन जातात, आणि दिवसांच्या मानानें भाडेंहि पुष्कळदां थोडें असतें. ही वाट जवळजवळ पंधरवड्याची. सलग सहा-सात दिवस जमीन दिसत नाहीं. शाळेची सुटी आठवड्याची, म्हणून मुलें त्यावर जवळजवळ नसतातच. त्यांना कोणीं अडविलेलें नसतें. मात्र पूर्वेकडे जातांना वाटेंत पांच-सहा वेळां घड्याळ एकेक तास पुढें करावें लागतें आणि तेवढी झोप बुडते. ज्यांची झोप मुळांतच नाजूक आहे त्यांनीं तेवढा विचार करून तिकीट काढावें.